टपावरचे चार दिवे

ही वही कधी कुणाच्या हाती लागली तर वाचणाऱ्याने रागावू नये. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही, आणि अक्षर तर अंगण सारवताना बोटं फिरावीत तसं फिरतं. रोजचं माझं लिहिणं म्हणजे दूध संस्थेच्या रजिस्टरात नाव आणि लिटर, एवढंच. पण आमच्यातल्या ज्या बाया सोबत आल्या नव्हत्या त्या अजून विचारतात, वडवणीला काय झालं, माजलगाव कसं आहे, दिवे कसे आणले. चारचौघींत बोलणं मला जमत नाही. म्हणून परत आल्यावर लिहून ठेवते आहे.

आमची वाडी

आमची वाडी डोंगरात आहे, वडवणीच्या वर. खाली डांबरी सडकेला लागायला घाटाची कच्ची वाट आहे, सात वळणांची. सडकेला लागलं की दूध केंद्र. वाडीत आम्हा बायांची दूध संस्था आहे, एकतीस जणींची, आणि संस्थेची एक जुनी जीप. चारी चाकांना जोर लागतो म्हणून ती घाट चढते, नाहीतर तिच्यात नाव घेण्यासारखं फार काही उरलेलं नाही. ती चालवतात माझे दीर, भगवान भाऊजी.

चांगल्या पावसाच्या साली आम्ही रात्रीचं दूध कॅनमध्ये भरून कॅन गळ्यापर्यंत हौदात बुडवून ठेवायचो. पाणी थंड, दूध थंड. सकाळी ऊन निघाल्यावर जीप निवांत खाली जायची. दुष्काळ पडला आणि हौदाचा तळ दिसला. टँकर दोन दिवसांनी यायचा, घागरी मोजून मिळायच्या, त्यात दूध बुडवायला पाणी कुठलं? संध्याकाळचं दूध आम्ही घरीच ठेवू लागलो आणि सकाळच्या धारा तीन वाजता काढू लागलो. साडेचारला जीप निघालीच पाहिजे. वाटेत तीन वस्त्यांचं दूध घ्यायचं असतं, सातला केंद्राचं फाटक बंद होतं, आणि ऊन वर आलं की दूध नासायला वेळ लागत नाही.

म्हणजे घाट अंधारात उतरायचा. जीपचा एक दिवा मेलेला, दुसरा जिवंत, पण त्याचं ध्यान बांधाकडे. एकदा पुढचं चाक चरात गेलं आणि तीन कॅन सांडले. दुसऱ्यांदा भाऊजींनी भिऊन गाडी इतकी हळू काढली की पोहोचेपर्यंत फाटक बंद. केंद्राचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर तुमची वाडी यादीतून काढावी लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

यादीतून निघणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. दूध कुणी घेणार नाही, गाई बाजारात नेऊन येईल त्या भावाला द्यायच्या, आणि नवऱ्याच्या मागे ऊस तोडायला जायचं. मी बारा वर्षं उसाच्या फडात काढली आहेत. दोन गाईंच्या जोरावर या वर्षी पहिल्यांदा मागे राहिले होते. मालक, म्हणजे माझा नवरा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर एकटे गेले होते. मला पुन्हा फडात जायचं नव्हतं. ही एकच गोष्ट मनात घट्ट धरून मी पुढचं सगळं केलं.

पण फडाने एक शिकवलंही होतं. रात्री ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या टपावर आडवी लोखंडी नळी असते आणि तिच्यावर दिवे बसवलेले असतात. दोन ट्रॉल्या भरून ते ट्रॅक्टर चिखलातून, चारीतून बिनघोर जायचे. बैठकीत जीपच्या दिव्याची चर्चा चालली होती तेव्हा मी हे जनाक्काच्या कानात सांगितलं. जनाक्का म्हणजे संस्थेची अध्यक्षा, साठी ओलांडलेली. माझं बोलणं बहुतेक तिच्याच तोंडातून बाहेर पडतं.

"आगं, मोठ्यानं बोल की," ती म्हणाली आणि मग स्वतःच उठली. "ऐका गं! कौसी म्हणती, खालून पडल्याल्या उजेडात खड्ड्याची नुसती कड दिसती. वरून पडला की तळ दिसतो. दिवे टपावर लावा म्हणती."

"लावा म्हणायला काय जातंय?" भाऊजी म्हणाले. "नळी कुठली आणायची?"

नळी माझ्या गोठ्यामागे पडली होती. आमच्या बोअरने उन्हाळ्याच्या तोंडालाच नुसती हवा ओकायला सुरुवात केली होती, तेव्हा आतले पाईप वर ओढून ठेवले होते. त्यातला एक चांगला बघून मी भाऊजींना दाखवला.

जनाक्काने तो पायाने लोटून बघितला. "पाणी न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "उजेड तरी दील."

मजुरी आणि दोन दिवे यांपुरते पैसे संस्थेत होते. ते घेऊन दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीतच मी आणि जनाक्का खाली उतरलो. त्या दिवशी चंद्र होता म्हणून वेळेत पोहोचलो. चंद्र रोज उशिरा उशिरा, बारीक होत उगवणार होता. दोन-तीन दिवसांनी तो घाटात काहीच कामाचा राहणार नव्हता.

वडवणी

वडवणीला आठवडी बाजार होता. एरवी मला बाजार आवडतो, पण त्या दिवशी भाजीपेक्षा जनावरं जास्त उभी होती. मी तिकडे न बघता सरळ चालत राहिले.

बाजारतळाच्या कडेला मुनीरभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. नांगर, ट्रॉली, खिडक्यांचे गज, सगळं तेच करतात. पन्नाशीचा माणूस, भुवया जळून अर्ध्या झालेल्या. त्यांनी पाईप खांद्यावरून उतरवून घेतला, नखाने खरवडला आणि तोंड वाकडं केलं.

"हे बोअरचं हाय ना? याच्यावर जस्त चढवलेलं हाय, अक्का. जाळलं की पांढरा धूर निघतो. छातीत बसला की रातच्याला हुडहुडी भरून ताप येतो."

"मंग? न्हाई म्हणतो का?" जनाक्काने कमरेवर हात ठेवले.

"न्हाई कवा म्हणलो? जिथं जोड येईल तिथं आदी घासून काढाया लागंल, येवढंच. टाईम लागंल. आन् गूळ लागंल."

"गूळ? कावून?"

"धुरावर उतारा हाय. आमच्या धंद्यात समदे खातेत."

जनाक्काने भाकरीचं गाठोडं सोडलं आणि अर्धा गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. "घे. आता ताप आला तर माझ्याकडं बोट दावू नको."

भाऊजींनी एक गोष्ट आधीच बजावली. टपाला भोक पाडायचं नाही. पाऊस आला तर गळेल. "पाऊस!" असं म्हणून मुनीरभाई आणि जनाक्का दोघंही हसले, पण भाऊजी मागे हटले नाहीत. शेवटी टपाच्या दोन्ही कडांना जी पन्हळ असते तिला चिमट्यासारख्या पकडी लावायच्या आणि पाईप त्यांवर आडवा बसवायचा असं ठरलं. मी सुतळीने टप मोजला, या पन्हळीपासून त्या पन्हळीपर्यंत, आणि दोन्हीकडे गाठी मारल्या. मुनीरभाईंनी सुतळी खिळ्याला टांगून ठेवली.

"आता दिवे आणा," ते म्हणाले. "दिवा बघितल्याबिगर त्येला बसायचा कान कसा बनवू मी?"

दिवे माजलगावला चांगले मिळतात, उसाचा मुलूख म्हणून. जीप थांबवून चालणार नव्हतं, भाऊजींना दुसऱ्या दिवशीचं दूध आणायचं होतं. ते वर गेले आणि आम्ही दोघी एसटीत बसलो.

माजलगाव

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, माजलगाव आमच्यासारखंच बीड जिल्ह्यात आहे, पण आम्हाला परगावी गेल्यासारखं वाटलं. धरण त्याही साली पार खाली गेलं होतं, लोक तिथेही कुरकुरत होते. तरी सडकेच्या कडेला एक माणूस नळी धरून मोटारसायकल धूत होता. जनाक्का थांबलीच.

"आरं ए बाबा, ती काय नवरी हाय का, न्हाऊ घालतूस?"

तो हसला आणि पाणी चालूच ठेवलं. जनाक्काने नळीखालचं ते वाहणारं पाणी शेवटपर्यंत, गटारात जाईपर्यंत, मान वळवून पाहिलं.

चहाच्या हॉटेलात बसल्या बसल्या समोर पाण्याचे दोन भरलेले पेले आले, न मागता. आमच्याकडे दुष्काळात रीतच बदलली आहे. पाहुण्याला चहा विचारतात, पाणी विचारत नाहीत, आणि पाहुणाही आपली बाटली बरोबर घेऊन येतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. इथे शेजारच्या टेबलावरच्या माणसाने एक घोट घेतला आणि पेला तसाच ठेवून उठला. जनाक्काने इकडेतिकडे बघितलं, तो पेला आपल्या बाटलीत ओतून घेतला आणि मला म्हणाली, "बघू नको. चहा पी."

रात्री आम्ही तिच्या भाचीकडे, सुनीताकडे राहिलो. तिने धरणातल्या माशाचं कालवण आणि भाकरी केली. डोंगरात आम्हाला मासा कुठला दिसतो! मी काट्यांत अडकले आणि जनाक्का बोलता बोलता तीन भाकऱ्या खाऊन उठली. सकाळी सुनीताने बादलीभर पाणी काढून दिलं. मी न्हाणीत गेले आणि मला समजेना की खाली पातेलं कुठं आहे. आम्ही हल्ली बाजेवर बसून अंघोळ करतो, खाली पातेलं ठेवतो आणि ते पाणी भांड्यांना, मग झाडाला. इथे ते मोरीतून सरळ बाहेर जात होतं. मी अर्ध्या बादलीतच आवरलं. सुनीता म्हणाली, "ताई, पाणी उरलं की!" मी काय सांगणार? हात पुढे गेला नाही.

ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान स्टँडजवळच होतं. भिंतभर दिवे टांगलेले. गोल, चौकोनी, पांढरे, पिवळे. दुकानदार शेठ चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"दोन द्या," जनाक्का म्हणाली. "त्यातल्या त्यात स्वस्तातले."

"कशाला बसवायचेत, मावशी?"

"जीपीला. घाट उतरायचाय."

"धूळ असती का घाटात?"

"धूळच हाय. वाट कुठं हाय?"

"मग पांढरे नका घेऊ. धुळीत पांढरा उजेड उलटा डोळ्यात येतो. पिवळे घ्या." त्यांनी दोन पिवळे दिवे काढून समोर ठेवले.

मी दिव्यांकडे बघत मनातल्या मनात घाट उतरून पाहिला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. दोन दिवे समोर बघतील. पण वळणावर गाडीचं नाक दरीकडे असतं आणि चाकं वळतात आतल्या बाजूला. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला कुणी बघणारच नव्हतं. चर तिथेच आहेत. तीन कॅन तिथेच सांडले होते. मी जनाक्काचा पदर ओढला. "चार पाहिजेत. दोन समोर, दोन बाजूंना तिरपे."

"पैशे दोनाचे हायेत," ती हळू म्हणाली.

"उधार मागा."

जनाक्काचा चेहराच बदलला. "मी? आजवर कुणाच्या दारात उधारीचं तोंड उघडलं न्हाई, पोरी. माझ्यानं व्हायचं न्हाई. तुला पायजेत तर तू माग." आणि ती खरोखरच दुकानाच्या पायरीवर जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसली.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती. फाटक बंद झालं होतं त्या दिवसाची आठवण काढली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज फुटेना, शेठ पुढे वाकून ऐकू लागले. मी सांगितलं, घाटाला सात वळणं आहेत. दोन दिवे सरळ बघतात, पण गाडी सरळ जात नाही. आम्ही एकतीस जणी आहोत. दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. तीन पगारांत तुमचे पैसे चुकते करीन.

"आणि दूध बंद झालं तर?" शेठनी विचारलं.

"बंद होऊ नये म्हणूनच दिवे नेते आहे," मी म्हणाले.

शेठनी आणखी दोन दिवे काढले. मग जाड वायर, फ्यूज आणि रिले नावाची एक लहानशी डबी काढली आणि समजावलं, "बारीक वायर लावू नका, तापून जळते. आणि सगळा जोर बटणावर देऊ नका, या डबीतून द्या." शेवटी वही माझ्यापुढे सरकवली. "तुमच्याच हाताने लिहा, ताई. नाव, वाडी आणि रक्कम."

मी लिहिलं. ओळ उजवीकडे जाता जाता खाली उतरलीच. शेठनी ती वाचली आणि माझं अक्षर कसं आहे याबद्दल एक शब्दही काढला नाही.

बाहेर पायरीवर जनाक्काने पिशवी हातात तोलून बघितली. "चार हायेत?"

"चार."

"मंग बसलीस कावून? चल, एसटी जाईल."

परत वडवणीला

मुनीरभाईंच्या दुकानात पोहोचलो तेव्हा वीज गेलेली. भाऊजी दूध घालून येऊन तिथेच जीपखाली सावलीला झोपले होते. दुपारपर्यंत आम्ही सगळे नुसते बसलो. गाठोड्यातली भाकरी आणि ठेचा चौघांनी मिळून खाल्ला. मुनीरभाईंनी घरून कांद्याची भाजी मागवली आणि ठेचा तोंडात टाकल्यावर बराच वेळ तोंडाने वारा घेत राहिले. "अक्का, ये ठेचा हाय का गॅसकटर?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला मोठ्याने हसू आलं. मी पदर तोंडाला लावला.

वीज आली तशी त्यांनी घाई केली. जोडाच्या जागी पाईप घासून खालचं लोखंड उघडं केलं. मी दुसऱ्या बाजूला बसून कानशीने घासत होते, कुणी सांगितलं नव्हतं, पण वेळ जात होता. चार दिव्यांचे चार कान डकवले. बाजूच्या दोघांना तिरपे कान. पन्हळीच्या पकडी झाल्या. पाईपला तांबडा रंग फासला. ओला रंग तसाच टपावर चढला.

वायर खिडकीच्या कडेवरून आत घ्यायची होती. पत्र्याला घासून ती कापली जाईल असं मुनीरभाई म्हणाले. जीपच्या मागच्या बाजूला आमच्या वाळलेल्या बागेतल्या ठिबकच्या काळ्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं. मी एक हातभर तुकडा कापला आणि वायर त्यातून ओवून दाखवली. मुनीरभाईंनी अर्ध्या भुवया वर चढवल्या. "भगवानभाऊ, वहिनीला माझ्या दुकानात ठेवा."

"तिकडं फडात न्हाई गेली ती तुमच्या धुरात येती का!" भाऊजी म्हणाले.

दिवे जुळवायची रीतही त्यांनी सांगितली. गाडी भिंतीपुढे वीस पावलांवर उभी करायची. दिव्यांच्या उंचीपेक्षा एक हात खाली कोळशाने रेघ मारायची आणि समोरच्या दिव्यांचा झोत रेघेवर आणून नट आवळायचे. पाना त्यांनी त्यांचाच दिला. ट्रॅक्टरवाले असंच करतात, म्हणाले.

शाळेची भिंत

वाडीला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शाळेच्या भिंतीपुढे जीप लावली आणि सारी वाडी गोळा झाली. भाऊजींनी बटण दाबलं. पिवळा धमक उजेड पडला आणि बाया एकदम "अगं बाई!" म्हणाल्या. जनाक्का म्हणाली, "जीपीला शिंगं फुटली." भाऊजींनी टपावर चढून झोत रेघेवर आणला, नट आवळले, झालं. उद्या पहाटेची आम्हाला चिंता उरली नव्हती.

मग बायांना हौस आली. शांता, केशर आणि आणखी चार-पाच जणी हसत-खिदळत जीपच्या मागे चढल्या. नव्या दिव्यांच्या गाडीत बसून बघू म्हणाल्या. मी भिंतीजवळ उभी होते. भिंतीवरचा उजेड हलला. रेघेवरून वर सरकला. आणखी एक बाई चढली, आणखी वर सरकला. शाळेच्या पत्र्यापर्यंत गेला आणि झोताचा वरचा काठ लिंबाच्या शेंड्यावर पडला.

मला एकदम कळलं. ट्रॅक्टरचं ओझं मागे ट्रॉलीत असतं, ट्रॅक्टर जागचा दबत नाही. आमच्या जीपमध्ये मागे दहा कॅन असतात. मागचं बूड दबतं आणि नाक वर होतं. आम्ही रिकाम्या गाडीचे दिवे जुळवले होते. पहाटे घाटात आमच्या चारही दिव्यांनी झाडांचे शेंडे दाखवले असते.

"उतरू नका!" मी ओरडले. "कुणी उतरू नका!"

सगळ्या वळून माझ्याकडे बघू लागल्या. माझा एवढा आवाज वाडीने कधी ऐकला नव्हता. मलाच तो ओळखू आला नाही. मी भाऊजींना भिंतीवरची रेघ आणि वर गेलेला उजेड दाखवला. ते डोक्याला हात लावून बसले.

"मंग भरल्या गाडीवरच जुळवाया पायजे," ते म्हणाले. "कॅन आणा. पाणी भरा आन्..."

ते बोलता बोलता थांबले. दहा कॅन पाणी म्हणजे साऱ्या वाडीचं दोन दिवसांचं पिणं.

"दगड टाका," कुणीतरी म्हणालं.

"खालचा पत्रा कुजल्याला हाय. दगडानं फाटंल."

मी हिशोब करत होते. भरलेला कॅन पन्नास किलोच्या आतबाहेर. मागच्या महिन्यात आरोग्य केंद्राची बाई वजनकाटा घेऊन आली होती आणि जिचं तिचं वजन साऱ्या वाडीने ऐकलं होतं. "एक बाई, एक कॅन," मी म्हणाले. "दहा जणी बसा. कॅन ठेवतो तिथंच."

मग जी गंमत झाली ती लिहून सांगता यायची नाही. शांताला बघून केशर म्हणाली, "हिला दोन कॅन धरा गं." शांता म्हणाली, "आन् तू? तुझ्यात आर्धा लिटर कमीच भरंल, फॅट तर लागायचीच न्हाई!" सातव्या बाईनंतर जागा संपली, मग एकमेकींच्या मांडीवर बसल्या. जनाक्का दहावी. "हळू गं, माझं झाकण निघंल," म्हणत ती आत घुसली. पुढच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही, कारण पुढे कॅन नसतात. कुणीतरी दूध सांडलं म्हणून ओरडलं आणि दहाही कॅन हसायला लागले, तेव्हा भिंतीवरचा उजेड नाचू लागला.

"श्वास धरा!" भाऊजी टपावरून ओरडले. "उजेड ठरू द्या!"

त्यांनी श्वास धरला. मी भिंतीजवळ उभी राहून हाताने खूण करत गेले, खाली, आणखी खाली, थोडं वर. झोत रेघेवर आला. तिरपे दोन दिवे मी माझ्या मनाने जुळवले, वीस पावलांवर नाही तर आठ पावलांवर, कारण चर तेवढ्याच अंतरावर असतात. नट आवळले. मग एकेक बाई उतरली आणि रिकाम्या जीपचा उजेड खाली, शाळेच्या पायरीवर उतरून बसला.

घाट

पहाटे साडेचारला मी भाऊजींच्या शेजारी बसले. मागे दहा कॅन, काही भरलेले, काही वस्त्यांच्या दुधासाठी रिकामे. चंद्र होता, पण कोयत्यासारखा बारीक, डोंगराआड. तिन्ही वस्त्यांचं दूध घेतलं आणि घाट लागला.

वरून पडणारा उजेड कसा असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. वाट उलगडल्यासारखी दिसत होती. प्रत्येक खड्ड्याचा तळ, प्रत्येक दगडाचं पोट. भाऊजींचे ताठलेले खांदे खाली आले होते. चार वळणं आम्ही अशी उतरलो जशी दिवसा उतरतो.

पाचव्या वळणावर मी म्हणाले, "थांबा."

आदल्या संध्याकाळी आम्ही वर आलो तेव्हा तिथली कड धड होती. त्यानंतर रात्री आठला टँकर येऊन गेला होता. डाव्या बाजूच्या तिरप्या दिव्यात स्पष्ट दिसत होतं, टँकरच्या चाकाने कड तोडून नेली होती. अर्धी वाट खाली गेलेली, कोरडी माती अजून ओघळत होती. समोरच्या दोन दिव्यांत ती दिसत नव्हती. ते दरीपलीकडचा डोंगर दाखवत होते.

भाऊजींनी ब्रेकवर पाय दाबून धरला.

मी खाली उतरले. आतली बाजू पायाने चाचपली, पक्की होती. दोन मोठे दगड डोंगराच्या अंगाला सरकवले, जागा केली. मग उजेडातच मागे चालत, हाताने खूण करत गाडी आत घेतली. उजव्या बाजूचा आरसा कातळाला घासला आणि फुटला. तेवढंच. एकही कॅन हलला नाही.

केंद्रावर पोहोचलो तेव्हा साहेब फाटकातच उभे होते. त्यांनी टपाकडे पाहिलं. "हे काय, वरात आणली का?"

"दूध आणलंय," मी म्हणाले.

त्यांनी दूध तपासलं. गोड होतं. रजिस्टरात वेळ लिहिली ती मी समोरून उलटी वाचली. सहा पस्तीस.

पुन्हा माजलगाव

त्यानंतर उशीर झाला नाही. वाडी यादीत राहिली. त्याच दिवशी परतताना मुनीरभाईंचा पाना देऊन टाकला. गुळाचा अख्खा खडा जनाक्काने आठवणीने पाठवला. टँकरवाल्याला भाऊजींनी ती कड दाखवली आणि आम्ही बायांनी एका दुपारी दगड रचून ती बांधून काढली.

दर पगाराला एकेकीच्या दुधातून थोडे थोडे बाजूला काढले. पहिले दोन हप्ते भाऊजींच्या हाती पाठवले. तिसऱ्या वेळी भाऊजी जायला तयार होते, जनाक्काही निघाली होती. मी म्हणाले, मी जाते. एकटी जाते. मीच लिहून दिलं होतं.

दुकानात त्या दिवशी बरीच गर्दी होती. शेठनी मला ओळखलं. "या ताई. पडतो का उजेड?"

"पडतो," मी म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडून पैसे समोर ठेवले. चुरगळलेल्या नोटा आणि खूप सारी नाणी. शेठनी न बघताच ते गल्ल्याकडे ओढले.

"मोजून घ्या, शेठ."

सगळी गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मी मान खाली घातली नाही. शेठनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि सगळ्यांसमोर, एकेक नाणं बाजूला सारत मोजलं. मग वही उघडली. माझी ती उजवीकडे उतरत गेलेली ओळ अजून तिथेच होती. तिच्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पूर्ण मिळाले."

येताना हॉटेलात चहा घेतला. पाण्याचा पेला मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि चारच्या एसटीने घरी आले.